हाली, कलदार आणि गिलट

आठवडी बाजारात एका कोपऱ्याला मोडीची भांडी, जुनी कुलपं, बंद पडलेली घड्याळं पसरून बसलेला माणूस आधी तुमच्याकडे नीट बघून घेतो. तुम्ही दोन नाणी उचलून उलटीपालटी केलीत की गिऱ्हाईक कसल्या नादाचं आहे ते त्याला कळतं. मग पथारीखालून फडक्याची पुरचुंडी निघते आणि आवाज खाली येतो. "काका, घरचं हाय बघा. जुनं माळवद उतरिवलं तवा भितीत गाडगं घावलं. पोरीचं लगीन निघालंय, नाहीतर कोण इकतंय?"

पुरचुंडीत आठ-दहा रुपये असतात. राणी छाप, राजा छाप, एखादा चारमिनारचा. मळलेले, काळवंडलेले. तळहातावर ठेवला की गार लागतो, जड वाटतो. बहुतेक लोक इथंच फसतात. माळवद, गाडगं आणि लग्नाला आलेली पोरगी यांची किंमत त्यांनी मनात चुकती केलेली असते, रुपया मग त्या हिशेबात नुसता बसवला जातो.

मीही असाच फसलो आहे. काही वर्षांपूर्वी एका जत्रेत पाच रुपये घेतले, पाचही १९१८ चे, पंचम जॉर्जचे. विकणाऱ्यानं एक रुपया माझ्या हातात दिला, दगडावर टाकून वाजवून दाखवला, भिंग दिलं. त्या एकावर मी पाच घेतले. घरी येऊन काट्यावर ठेवले तर एक ११.५८ ग्रॅम, बाकीचे चार ९.७ ते ९.९ च्या दरम्यान. जे वाजवून दाखवलं तेवढंच खरं होतं. चार खोट्या रुपयांवर राजाच्या गालावर, डोळ्याच्या खाली, एकसारखा बारीक ओरखडा होता. चौघांच्याही, त्याच जागी, तेवढाच लांब. एका खऱ्या नाण्याचा साचा घेऊन ओतलेली ती चार भावंडं होती. जत्रेत भिंग माझ्या हातात होतं, पण मी ते एकाच रुपयावर धरलं.

तेव्हा पहिली गोष्ट ही की वानगीचं नाणं तपासून गठ्ठा घेऊ नये. प्रत्येक नाणं वेगळं बघावं, आणि दोन नाण्यांवर एकच खूण एकाच जागी दिसली तर पुरचुंडी तशीच बांधून परत द्यावी. खऱ्या रुपयांनी शंभर वर्षांत वेगवेगळे मार खाल्लेले असतात.

आता आपल्या भागातल्या नाण्यांविषयी. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या घरांत दोन प्रकारचे चांदीचे रुपये सापडतात, आणि पुण्या-मुंबईकडच्या पुस्तकी सल्ल्यात त्यातला एकच असतो. एक संस्थानचा 'हाली सिक्का', दुसरा इंग्रजांचा 'कलदार'. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. जुनी माणसं व्यवहार बोलताना "हाली का कलदार?" असं विचारून घेत, कारण दोन्हींचा भाव वेगळा होता. सहा कलदार द्या, सात हाली घ्या, असा तो हिशेब.

हा भाव कुणी हवेतून काढलेला नव्हता. कलदार रुपया बरोबर एका तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. शुद्ध चांदी झाली १०.६९ ग्रॅम. चारमिनारचा हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात शेकडा ८१.८ चांदी, म्हणजे ९.१५ ग्रॅमच्या आसपास. आता गुणाकार करून पाहा. सहा कलदारांत ६४ ग्रॅम चांदी, सात हालींतही ६४ ग्रॅम. नाण्यावर कुणाचाही शिक्का असो, बाजार शेवटी चांदीच मोजत होता. आपल्याला नेमकं तेच करायचं आहे.

तपासणीला आधी डोळे लावायचे, कारण त्याला खर्च नाही आणि निम्मे खोटे रुपये इथंच गळतात. साल आणि चेहरा जुळतो का पाहा. व्हिक्टोरिया राणी १९०१ च्या जानेवारीत वारली. तिच्या रुपयावर १९०१ च्या पुढचं साल असूच शकत नाही. सातव्या एडवर्डचे रुपये १९०३ ते १९१० चे. त्याच्या डोक्यावर मुकुट नाही आणि तो उजवीकडे पाहतो. आमची आजी त्याला 'बोडका राजा' म्हणायची. पंचम जॉर्ज १९११ पासून, मुकुटासह, डावीकडे तोंड करून. सहाव्या जॉर्जचे रुपये १९३८ पासून. मी १९०८ सालची राणी पाहिली आहे, आणि विकणारा ती 'दुर्मिळ' म्हणून जास्त पैसे मागत होता. दुर्मिळ तर ती होतीच.

चारमिनारच्या रुपयावर इंग्रजी आकडे नसतात. साल हिजरी असतं, फारसी आकड्यांत. ते वाचायला अवघड नाही: एक म्हणजे उभी काडी, शून्य म्हणजे टिंब, पाच म्हणजे बदामासारखं गोल, सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे तोच व्ही उलटा. चारमिनार नाण्यावर आला तो १३२१ हिजरीच्या सुमारास, म्हणजे १९०३-०४ मध्ये, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असतं. महबूब अलींच्या नाण्यावर 'मीम', आणि १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अलींच्या नाण्यावर 'ऐन'. 'ऐन' ओळखायची सोपी खूण म्हणजे इंग्रजी तीनचा आकडा आरशात पाहिल्यासारखा आकार. आता कमानीत 'ऐन' आणि साल १३२५ असं दिसलं तर तो रुपया कुठल्या टांकसाळीतून आला हे विचारायची गरज उरत नाही. उस्मान अली तोवर गादीवर आलेलेच नव्हते. चारमिनारच्या बाजूला ९२ हा आकडाही दिसेल. ते साल नाही. अक्षरांना अंक देण्याच्या जुन्या पद्धतीनं 'मुहम्मद' या नावाची ती बेरीज आहे. "बघा, ब्याण्णव सालचं हाय" असं कुणी सांगितलं तर विकणाऱ्यालाही आपला माल वाचता येत नाही एवढं समजावं.

मग कड पाहावी. कलदाराच्या कडेला सरळ, एकसारख्या, दाट खाचा असतात. कुणी कड खरवडून चांदी चोरू नये म्हणून त्या ठेवलेल्या. ओतीव खोट्या नाण्याच्या खाचा बसक्या, साबणावर उमटवल्यासारख्या दिसतात, आणि साच्याचे दोन भाग जिथं जुळतात तिथं कडेला बारीक रेघ किंवा घासून काढलेली जागा सापडते. पृष्ठभागावर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे असले तर तेही ओतकामाचंच लक्षण. खरं नाणं ठोक्यानं पाडलेलं असतं, म्हणून अक्षरांच्या कडा झिजल्या तरी स्वच्छ राहतात.

मुलामा उडतो तो उंचवट्यावरून: राजाचा गाल, कान, मुकुटाचं टोक, नाण्याचा काठ. तिथं पिवळट किंवा तांबूस झाक दिसली की समजावं आत पितळ किंवा तांबं आहे. नुसत्या हिरवटपणावर मात्र निकाल देऊ नका. चांगल्या चांदीतही तांब्याचा अंश असतो आणि ओलीत राहिलेलं खरं नाणं अक्षरांच्या खोबणीत हिरवं पडू शकतं.

एक बाब आपल्याकडे वारंवार दिसते. बायकांच्या गळ्यातल्या रुपयांच्या माळांतून सुटलेली नाणी बाजारात येतात. बंजारा तांड्यांवरच्या जुन्या हारांतले रुपये तर पुष्कळ. त्यांना वर कडी डाकवलेली असते, ती काढल्यावर काठाला डाग राहतो, कधी भोक बुजवलेलं असतं. असं नाणं खोटं नाही. संग्रहासाठी त्याची किंमत पडते, चांदी म्हणून पडत नाही. विकणाऱ्यानं डाग झाकायला त्या जागी काजळी लावली असेल तर मात्र विचार करा, कारण एक गोष्ट झाकणारा माणूस दुसरीही झाकतो.

आता काटा. खिशात मावणारा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो. नाण्यांचा नाद असेल तर भिंगाच्या आधी हा घ्या. कलदार ११.६६ ग्रॅमचा, पण शंभर वर्षांत हात लागून झिजतो. १९०६ च्या नाणे कायद्यानं शेकडा दोनपर्यंतची झीज चालवून घेतली होती, म्हणजे सुमारे ११.४३ ग्रॅमपर्यंत. फार हाताळलेलं नाणं त्याच्याही थोडं खाली जाऊ शकतं, पण मग ते तेवढं झिजलेलं दिसलंही पाहिजे. चेहरा कोरा करकरीत आणि वजन ११.१ असेल तर कुठं तरी खोट आहे. जास्त वजनाचंही तेच. बारा ग्रॅमचा कलदार टांकसाळीतून निघालेला नाही.

खोटा रुपया बहुतेक वेळा गिलटाचा, म्हणजे जर्मन सिल्व्हरचा असतो. त्यात चांदी नावालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. चांदीपेक्षा तो हलका. त्यामुळे खोटं पाडणाऱ्याची गोची होते. आकार बरोबर ठेवला तर वजन पावणेदहा ग्रॅमच्या आसपास येतं, माझ्या चार भावंडांसारखं. वजन बरोबर करायला गेला तर नाणं जाड होतं. म्हणून खिशात एक खात्रीचा कलदार नेहमी असावा. तो टेबलावर ठेवून शेजारी दुसरा ठेवला, दोन्हींवरून बोट फिरवलं, की जाडीतला फरक नखाला कळतो.

खात्रीचा नमुना म्हणून १९१८ चाच रुपया घ्या. त्या साली कलदार अफाट संख्येनं पाडले गेले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची टंचाई झाली आणि लोक कागदी नोट घ्यायला तयार होईनात. तेव्हा अमेरिकेनं १९१८ मध्ये कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले, पंचवीस कोटींहून जास्त, आणि ती चांदी इंग्रजांना विकली. ती इकडे आली आणि तिचे रुपये झाले. आपल्या देवघरातल्या १९१८ च्या रुपयात कधीकाळचा अमेरिकन डॉलर मुरलेला असू शकतो. एवढ्या संख्येमुळे हा रुपया आजही सहज मिळतो आणि चांदीच्या भावाच्या फार वर जात नाही.

वजन जुळलं तरी शंका राहिली तर पाण्याची परीक्षा करा. ती घरच्या स्वयंपाकघरात होते आणि नाण्याला ओरखडाही येत नाही. काट्यावर प्लास्टिकची वाटी ठेवून तीत अर्ध्याच्या वर पाणी घाला आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक शिवणदोरा बांधा. दोरा हातात धरून नाणं पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला आणि कडांना लागू देऊ नका, बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच झटकून घ्या. काटा आता जो आकडा दाखवेल तेवढं पाणी नाण्यानं बाजूला सारलं. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्यानं भागा.

खऱ्या कलदाराला हा आकडा १.१३ च्या आसपास येतो आणि भागाकार १०.३ च्या जवळ. हाली रुपयाचा भागाकार १०.२ च्या जवळपास. माझा एक खोटा रुपया मी असाच सोडला तेव्हाही काट्यानं १.१३ च दाखवलं, कारण आकार तोच होता. क्षणभर मला वाटलं आपणच चुकलो. पण वजन ९.८; भागाकार आला ८.७. तो गिलटाचा आकडा आहे. म्हणून पाण्याचा आकडा पाहून थांबू नका, भागाकार करा. दोन-तीन वेळा करून सरासरी घ्या. दोऱ्याचा, हात हलण्याचा थोडा फरक पडतोच.

एक पळवाट यातही राहते. शिसं चांदीपेक्षा जड आणि कथील हलकं, तेव्हा दोन्ही बेतानं मिसळून वजन आणि पाणी जुळवता येतं. असा रुपया वाजत नाही. नाणं बोटाच्या टोकावर तोलून धरा आणि दुसऱ्या नाण्यानं काठावर हलकं टिचकवा. चांदीचा रुपया बारीक, लांबत जाणारा नाद देतो; शिशाचा 'थड' करून गप्प बसतो. मराठीत 'नाणं खणखणीत आहे' म्हणतात ते यावरूनच. फक्त डाकवलेलं किंवा चिरलेलं खरं नाणंही बद्द वाजतं, तेव्हा नुसत्या आवाजावर माणसाला खोटं ठरवू नका. वजन, पाणी आणि आवाज तिन्ही एकदम जुळवणं मात्र खोटं पाडणाऱ्याला परवडत नाही.

लोहचुंबकावर माझा फार विश्वास नाही. चांदी चिकटत नाही हे खरं, पण गिलट, पितळ, तांबंही चिकटत नाही. चुंबकाचा उपयोग एवढाच की लोखंडावर मुलामा असेल तर कळतो. शिवाय १९४७ चा वाघ असलेला रुपया निकेलचा आहे, तो टपकन चिकटतो. ते नाणं अस्सल आहे, पण त्यात चांदी नाही, आणि ते चांदीचं म्हणून गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत. बर्फाच्या खड्यावर नाणं ठेवून बर्फ वितळवून दाखवणाऱ्यांचे व्हिडिओही मोबाईलवर फिरतात. तांबंही तसाच बर्फ वितळवतं.

इथं एका वेगळ्या फसवणुकीचा उल्लेख करायला हवा, कारण तिच्यात नाणं शंभर टक्के खरं असतं. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं रुपयातली चांदी निम्मी केली. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात शेकडा ५० चांदी, ४० तांबं, बाकी निकेल आणि जस्त. वजन तेच ११.६६, म्हणून काटा काही बोलत नाही. पाण्यात भागाकार साडेनऊच्या जवळ येतो. शुद्ध चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. कडेच्या खाचांच्या मधोमध या नाण्यांना आणखी एक खोबण असते, तीवरूनही ते ओळखू येतात. विकणारा बरेचदा फसवतोय असंही नसतं. त्याला चाळीस सालचा आणि अठरा सालचा रुपया सारखाच वाटतो. पण पैसे तुमचे जातात. साल वाचल्याशिवाय भाव बोलू नका.

दुसरी जात म्हणजे आजच्या काळात पाडलेल्या राजा-राणी छाप नाण्यांची. दिवाळीत, लग्नात भेट द्यायला सराफाकडे ही मिळतात. काही चांगल्या चांदीची, काही गिलटाची. भेट म्हणून त्यात काही गैर नाही. पण तीच नाणी पुढच्या वर्षी चिंचेच्या पाण्यात आणि धुरात फिरून 'जुनी' होऊन पथारीवर येतात. एखाद्या 'राणी छाप' रुपयावर बारीक अक्षरात ९२५ किंवा ९९९ ठोकलेलं दिसलं तर तो आजचाच. कलदारात तेवढी चांदी नव्हती आणि त्या काळी तसा ठसाही नव्हता.

तिसरी जात श्रीमंत गिऱ्हाइकाची: खऱ्या नाण्याचं साल बदलायचं. १९३९ चा रुपया फार दुर्मिळ, म्हणून १९३८ च्या आठाचा नऊ करतात. १९११ चा पंचम जॉर्जही प्रसिद्ध. राजाच्या अंगरख्यावरच्या साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि पुढच्या साली हत्ती सुधारला गेला. ती गोष्ट सांगून कुणी १९११ चा रुपया चढ्या भावानं देऊ लागला तर भिंगाखाली शेवटच्या दोन आकड्यांच्या भोवतालची पाटी पाहा. ती आजूबाजूपेक्षा खोल, घासलेली किंवा वेगळ्या चमकेची असेल तर आकडा नंतर केलेला. पण माझं स्पष्ट मत असं की हजारोंच्या पुढची दुर्मिळ नाणी पथारीवर घेऊच नयेत. तिथं आपली नजर पुरत नाही. ती शिकायची असेल तर मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. खरी नाणी डोळ्यांखालून घालण्याला पर्याय नाही.

भावाचं गणित सोपं आहे. चांदीचा दिवसाचा भाव बघा. २०२५ मध्ये किलोचा भाव लाखाच्या वर गेला. समजा तो नेमका एक लाख आहे, म्हणजे ग्रॅमला शंभर रुपये. मग कलदारात १०६९ रुपयांची चांदी झाली, हालीत साधारण ९१५, चाळीस सालच्या रुपयात ५८३. गांधी जन्मशताब्दीचं १९६९ चं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं आणि शेकडा ८० चांदीचं, त्यात १२ ग्रॅम, म्हणजे १२०० ची. भाव बदलेल तसे आकडे बदला. आता पथारीवरचा माणूस तुम्हाला कलदार पाचशेला देतो आहे. शहरातला कोणताही सराफ हाच रुपया मोडीत घेताना बट्टा कापून का होईना, पाचशेहून कितीतरी जास्त देईल. ज्याच्याजवळ खरी चांदी आहे त्याला ती निम्म्या भावात तुमच्या पदरात टाकायची काय गरज? पोरीचं लग्न असेल तर अधिकच नाही. १९७२ च्या दुष्काळात गावोगावच्या बायकांनी अंगावरची चांदी मोडली तेव्हाही त्या सराफाच्या पायरीवर गेल्या होत्या.

मोठी खरेदी असेल, दहा-वीस नाण्यांची, तर विकणाऱ्याला घेऊनच सराफ्यात जा आणि टंच काढून घ्या. यंत्रावर किरण टाकून धातूचं प्रमाण दाखवणारी तपासणी काही मिनिटांत होते आणि नाण्याला इजा होत नाही. ती वरवरचा थरच वाचते, म्हणून जाड मुलाम्याचं नाणं तिथंही पास होऊ शकतं. पाण्याचा भागाकार जोडीला ठेवा. सराफ कसोटीवर घासून तेजाबाचा थेंब टाकतो ती पद्धत धातूपुरती पक्की आहे, पण नाण्यावर चरा राहतो. संग्रहाचं नाणं असेल तर "तेजाब नको" असं आधी सांगा. आणि विकणारा "तिकडं कशाला जायचं, आपला इस्वास नाही का?" म्हणाला तर उत्तर मिळालं.

गुप्तधनाच्या गोष्टीबद्दल एक कायद्याची बाब. जमिनीत किंवा भिंतीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्यानं बंधनकारक आहे. म्हणजे गाडग्याची गोष्ट खोटी असेल तर तुम्ही फसलात, आणि खरी असेल तर कळवलं नसलेला ठेवा विकत घेतलात. दोन्हीकडून तोटाच. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १६१६ किंवा १८१८ असं साल आणि रामदरबार किंवा हनुमान अशी नाणी कुणी लाखालाखांना दाखवली, तांदूळ ओढून घेणारा 'राईस पुलर' म्हणून एखादं तांब्याचं नाणं दाखवलं, तर ऐकत बसू नका. कंपनीनं अशी नाणी पाडलेली नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नावानं जुनी नाणी विकत घेतो, आधी कमिशन भरा, असं सांगणाऱ्यांबद्दल खुद्द बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं आहे.

पावती मागा. दुकानदार असेल तर पक्की पावती, तीवर नाण्याचं साल, वजन आणि 'चांदी' हा शब्द लिहून. पावती असेल तर फसवणुकीत १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलता येतं, आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्क नाही. पथारीवाला पावती देणार नाही, हे धरून चाला. तिथं तेवढेच पैसे घाला जेवढे गेले तरी झोप उडणार नाही, आणि निदान जाण्याआधी त्याच्या परवानगीनं नाण्याचा आणि दुकानाचा मोबाईलवर फोटो काढा. फोटोला नकार देणारे बरेच निघतात. त्यांच्याकडे मी थांबत नाही.

माझे ते चार खोटे रुपये मी अजून ठेवले आहेत. नवीन मुलं नाणी दाखवायला येतात तेव्हा खऱ्या रुपयाबरोबर ते ताटलीत घालून देतो आणि ओळखायला सांगतो. बहुतेक जण पहिल्या झटक्यात चमकदार दिसतो तो खरा धरतात.

लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवायला तुमच्याही घरात एखादा बंदा रुपया असेलच. आज तो बाहेर काढा, साल वाचा, काट्यावर ठेवा, पाण्यात सोडून भागाकार करा. त्याला पितांबरी मात्र लावू नका.